चारही चाके सारखी

माझ्या गाडीच्या नाकावर शेव्हरोलेचे बो-टायचे चिन्ह आहे; परंतु बोनेट उघडून इंजिनाच्या ठोकळ्यावरची तेलकट धूळ फडक्याने पुसली, की तिथे ‘ईजे २०’ ही कोरलेली खूण दिसते आणि गाडीचे खरे माहेर कळते. ही गाडी जन्माने सुबारू फॉरेस्टर आहे, इंजिनाची ओढ चारही चाकांना देणारी. ‘सुबारू’ हे कृत्तिका नक्षत्राचे जपानी नाव. १९५३ साली पाच कंपन्या एकत्र येऊन फुजी हेवी इंडस्ट्रीज उभी राहिली, त्याची आठवण म्हणून सुबारूच्या चिन्हात एक मोठा आणि पाच लहान असे सहा तारे आहेत. आपल्याकडेही कृत्तिका सहाच मानतात, कार्तिकेयाला वाढवणाऱ्या सहा माता. माझ्या आईला मी हे सांगितले, तेव्हापासून ती या गाडीला ‘कृत्तिका’ म्हणते आणि दसऱ्याला तिची पूजा त्याच नावाने होते.

ही गाडी बडोद्यात कशी आली, हे सांगायला हवे. जनरल मोटर्सचा कारखाना आमच्या शहरापासून साधारण चाळीस किलोमीटरवर हालोलला होता. तिथे १९९६पासून ओपेल अ‍ॅस्ट्रा आणि पुढे शेव्हरोलेच्या गाड्या बनत. त्या काळात फुजी हेवी इंडस्ट्रीजचे सुमारे २० टक्के समभाग जनरल मोटर्सकडे असल्यामुळे फॉरेस्टर भारतात शेव्हरोलेच्या नावाने विकली गेली, मात्र ती हालोलला न बनता तयार होऊनच जपानहून येत असे. २००५ साली ते समभाग विकले गेले, त्यांतला काही भाग टोयोटाने घेतला आणि या गाडीचा भारताशी असलेला धागा तुटला. हालोलचा कारखाना २०१७ साली बंद झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जनरल मोटर्सने भारतातली विक्रीही थांबवली. म्हणजे माझ्या गाडीची दोन्ही घरे, जन्माचे आणि दत्तक, तिला दुरावली आहेत, आणि तरीही ती रोज सकाळी पहिल्या चावीला सुरू होते.

मी ती २००९ साली जुनी घेतली. जीजे ६ची पाटी, २००४ची नोंदणी, एकच मालक, पेट्रोल इंजिन आणि मॅन्युअल गिअर. त्या वेळी लोकांना डिझेल हवे होते, आणि जिला जीपही म्हणता येत नाही आणि सेडानही म्हणता येत नाही अशा लांब डिकीच्या गाडीला गिऱ्हाईक नव्हते, म्हणून ती मला परवडली. मी मकरपुऱ्याच्या एका टूलरूममध्ये आयुष्यभर गिअर आणि शाफ्ट यांच्या मापांशी खेळलो आहे. गाडीखाली वाकून पुढून मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट आणि मागच्या दोन चाकांना ओढ वाटून देणारे डिफरन्शियल पाहिले, तेव्हाच माझा निर्णय झाला होता.

आपल्या देशात डिकी लांब असलेल्या, म्हणजे इस्टेट प्रकारच्या, गाड्यांना यश मिळाले नाही याची मला मनापासून खंत वाटते. टाटा इस्टेट, मारुतीची बलेनो अल्तुरा, ओपेल कोर्सा स्विंग, टाटा इंडिगो मरीना, स्कोडा ऑक्टेव्हिया कॉम्बी, फियाटची जरा उंच केलेली अ‍ॅडव्हेंचर, या सगळ्या आल्या आणि गेल्या. सामान लादायला उंच जावे लागत नाही, छतावर कॅरिअर बांधून तोल बिघडत नाही, मागची सीट पाडली की सहा फुटी माणूस आत झोपू शकतो, आणि वळणावर गाडी सेडानसारखी जमिनीला धरून राहते. एवढे गुण एका आकारात असताना आपण उंच, जड आणि चौकोनी गाड्यांच्या मागे का लागलो, हे मला अजून उमगलेले नाही. २०१७ साली व्हॉल्व्होची व्ही ९० क्रॉस कंट्री आणि २०१८ साली मर्सिडीजची ई क्लास ऑल-टेरेन भारतात आली खरी, पण त्यांच्या किमतीत बडोद्यात चांगले घर होते.

इस्टेटचा आकार आणि चारही चाकांची ओढ असा मेळ असलेल्या गाडीचा उगम चैनीत नाही, कामात आहे, आणि ते मला फार आवडते. उत्तर जपानमधल्या तोहोकू वीज कंपनीच्या माणसांना बर्फाळ डोंगरांतून तारांची पाहणी करायची असे आणि जीपमध्ये थंडीने त्यांचे हाल होत. त्यांच्यासाठी सुबारूच्या एका साध्या इस्टेट गाडीला मागच्या चाकांचीही ओढ जोडून पाहण्यात आली, आणि त्यातून १९७२ साली लिओन फोर-व्हील-ड्राइव्ह इस्टेट व्हॅन बाजारात आली. पुढे नव्वदच्या दशकात सुबारूची आउटबॅक, व्हॉल्व्होची क्रॉस कंट्री, ऑडीची ऑलरोड अशी मोठी वंशावळ झाली, पण मुळाशी रोजच्या कामाला निघालेला वायरमन आहे.

आता यंत्राकडे वळतो. ज्यांना यात रस नाही त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा, परंतु मला वाटते की गाडी बाळगणाऱ्याने तो एकदा तरी समजून घ्यावा. वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून ओढ मिळणाऱ्या प्रत्येक अ‍ॅक्सलला डिफरन्शियल असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण पुढची दोन चाके आणि मागची दोन चाके यांचेही वळणावरचे मार्ग वेगळे असतात. जुन्या पद्धतीच्या जीपमध्ये फोर-व्हील जोडले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधला जातो, त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडखळते, टायर घासतात आणि सगळ्या गिअरांवर ताण येतो. माझ्या गाडीत मध्ये तिसरे डिफरन्शियल आहे. ते ओढ पुढे आणि मागे निम्मी निम्मी वाटते, आणि त्याच्या जोडीला एक व्हिस्कस कपलिंग आहे. कपलिंग म्हणजे एक बंद डबा, ज्यात पातळ चकत्यांच्या दोन जोड्या सिलिकॉनच्या दाट तेलात आलटून पालटून बसवलेल्या असतात. पुढची आणि मागची चाके सारख्या गतीने फिरत असली तर त्या चकत्या एकमेकींच्या सोबत शांतपणे फिरतात. एखादी बाजू चिखलात घसरून वेगाने फिरू लागली की तेल घुसळले जाते, तापते, फुगते आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ एकत्र बांधून टाकते. चालकाला यासाठी कोणतेही बटण दाबावे लागत नाही. इंजिनाचे सिलिंडर उभे नसून दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले असल्यामुळे वजनही खाली राहते. सापुताऱ्याच्या घाटात श्रावणातल्या पावसात ही गाडी ज्या संथपणे चढते, त्याचे कारण या दोन गोष्टींत आहे. उतरताना मात्र मी इतरांइतकाच सावध असतो, कारण चारही चाकांची ओढ गाडीला पुढे नेते, थांबवत नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांनाच असतात.

कोणी मला विचारले, की या गाडीने खरे काय शिकवले, तर मी कानमातली एक संध्याकाळ सांगतो. बडोद्याच्या नैर्ऋत्येला पादरा, करजण, जंबुसर असा काळ्या मातीचा पट्टा आहे, त्याला इथे कानम म्हणतात. कपाशी आणि तूर पिकवणारी ही माती कोरडी असताना दगडासारखी असते आणि ओली झाली की साबणासारखी. जानेवारीत पादऱ्याजवळ एका सहकाऱ्याच्या शेतात आम्ही पोंक खायला गेलो होतो. कोवळ्या ज्वारीचे भाजलेले दाणे, लिंबू-मिऱ्याची शेव आणि ताक असा बेत चालू असतानाच आभाळ भरून आले आणि अर्धा तास अवकाळी पाऊस झाला. शेतापासून पक्क्या रस्त्यापर्यंत जेमतेम चारशे मीटर गाडीवाट होती. सहकारी म्हणाला, “काका, तुमची चारही चाके ओढतात ना, मग कसली काळजी?” मलाही तसेच वाटले.

पहिले दीडशे मीटर गाडी छान गेली. मी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळूच सोडून, स्टिअरिंगला झटका न देता चालवत होतो. मग बैलगाडीच्या जुन्या चाकोरीत उजवी बाजू उतरली आणि चारही चाके जागच्या जागी फिरू लागली. उतरून पाहिले, तर टायरच्या खाचा दिसतच नव्हत्या. माती त्यांत अशी गच्च भरली होती, की चार काळे, गुळगुळीत, चकचकीत रूळ गाडीला लावल्यासारखे वाटत होते. चाक आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीतही माती ठासून बसली होती आणि त्यात ज्वारीची धाटे अडकली होती. निसरड्या रुळांना कितीही ओढ दिली तरी ते धरणार कशाला? शेवटी आम्ही तिघांनी खुरप्याने चारही टायरांच्या खाचा मोकळ्या केल्या, बांधावर रचलेली कपाशीची पऱ्हाटी आणून चाकांपुढे पसरली, आणि मी पुन्हा दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. काड्यांचा करकर आवाज झाला, आधी मागची चाके धरली, मग पुढची, आणि गाडी चाकोरीतून वर आली. पक्क्या रस्त्याला लागेपर्यंत मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी मी रुंद आणि खोल खाचांच्या टायरांची चौकशी केली. टायर आधी आणि यंत्र नंतर, हा क्रम मला त्या पऱ्हाटीने पटवून दिला.

टायरांचा विषय निघालाच आहे तर थोडा थांबतो, कारण अशी गाडी बाळगण्याचे खरे व्रत त्यातच आहे. मध्ये व्हिस्कस कपलिंग असलेल्या गाडीत चारही टायर सारखे हवेत, आणि सारखे म्हणजे नुसत्या नंबराने नव्हे. एक टायर नवा आणि तीन झिजलेले असले, तर नव्याचा परिघ मोठा असतो, तो कमी फेरे घेतो, आणि कपलिंगला वाटते की काहीतरी घसरते आहे. मग सरळ, कोरड्या हमरस्त्यावरही ते बिचारे अखंड घुसळत राहते आणि तापून निकामी होते. परिघातला फरक सहा मिलिमीटरांच्या आत राहावा, असा सुबारूचा संकेत आहे. त्यामुळे एक टायर खिळ्याने कायमचा गेला, तर मला चारही बदलावे लागतात. स्टेपनीदेखील मी त्याच मापाची ठेवतो आणि दर आठ हजार किलोमीटरला चाकांच्या जागा बदलतो. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, हवा तपासून झाल्यावर मी शिंप्याच्या टेपने चारही टायरांचा परिघ मोजतो आणि वहीत लिहितो. बारा वर्षांच्या नोंदी त्या वहीत आहेत. माझी नात आता टेपचे दुसरे टोक धरते.

याच कारणासाठी गाडी कशी उचलून न्यायची, हेही मालकाला ठाऊक हवे. कच्छमधले धोलावीरा पाहून परत येताना बगोदऱ्याजवळ क्लचच्या सिलिंडरमधून तेल गळून पेडल तळाला गेले. क्रेन आली, तिच्या माणसाने नेहमीच्या सवयीने पुढची चाके उचलायला पट्टे काढले. मी त्याला हात जोडून थांबवले. पुढची चाके हवेत आणि मागची रस्त्यावर फिरत राहिली, तर कपलिंग शंभर किलोमीटर नुसते शिजत राहील आणि क्लचच्या दोन हजारांच्या कामाऐवजी गिअरबॉक्सचे काम निघेल, हे मी त्याला समजावले. त्याचा विश्वास बसला नाही, पण त्याने सपाट पाठीचा ट्रक बोलावला. तो यायला साडेतीन तास लागले. ते साडेतीन तास आम्ही बाभळीच्या सावलीत दशम्या आणि लसणीची चटणी खाऊन काढले, आणि गाडी चारही चाके वर घेऊन बडोद्याला पोहोचली. त्याच प्रवासाचा दुसरा धडा मिठाचा होता. पांढऱ्या रणाच्या कडेला गाडी नेली, की परतल्यावर आधी तिचे पोट गोड्या पाण्याने धुवावे. एक आठवडा टाळले तर एक्झॉस्टच्या बोल्टांवर तांबूस पापुद्रा धरतो.

पाण्याबद्दल मला थोडे कठोर बोलायचे आहे. २०२४च्या ऑगस्टअखेरीस आमच्या शहरातल्या विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती ३७ फुटांच्या आसपास गेली, तेव्हा शेजारच्या दोन-तीन जणांनी मला विचारले, की तुमची गाडी तर असल्याच कामाची आहे, मग दूध आणि औषधे आणायला ती काढत का नाही? मी काढली नाही. हवा आत घेण्याच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरले, की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चार चाकांची ओढ त्याला काहीही करू शकत नाही. शिवाय आडव्या इंजिनाचे वजन खाली असते म्हणून मी ज्याची स्तुती केली, तेच इंजिन पाण्याच्या जास्त जवळही असते. आदल्या संध्याकाळीच मी गाडी मांजलपूरच्या घरातून काढून उड्डाणपुलाच्या चढावर लावली होती. तिथे रात्री गाड्यांची रांग लागली होती, माणसे छत्र्या घेऊन आपापल्या गाडीला हात लावून परत जात होती. आईचे बीपीचे औषध मी कमरेएवढ्या पाण्यातून चालत आणले, काठीने पुढची जमीन चाचपत, कारण उघड्या गटारांइतकीच आम्हाला विश्वामित्रीतल्या मगरींचीही भीती असते.

एवढी काळजी करून मिळते काय, असे माझी पत्नी पूर्वी विचारत असे. तिचे उत्तर तिला गरुडेश्वरला मिळाले. टेंबे स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला आम्ही दरवर्षी जातो. एका वर्षी नर्मदेकाठच्या एका गावातल्या वृद्ध मावशींना परत सोडायचे होते आणि रात्रभराच्या पावसाने उताराचा रस्ता वाहून गेला होता. मागे तिघी, डिकीत त्यांच्या वळकट्या, तांदळाचे पोते आणि पितळी कळशी, आणि समोर मुरुमाचा निसरडा चढ. गाडी कुठेही न ओरडता वर आली. मावशींना काही विशेष घडल्याचे कळलेही नाही, त्या शेवटपर्यंत ‘दिगंबरा दिगंबरा’ म्हणत होत्या. पत्नीने मात्र माझ्याकडे पाहिले आणि तेव्हापासून टायरांच्या खर्चाबद्दल ती बोललेली नाही.

देखभालीत सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते ते अ‍ॅक्सलच्या सांध्यांवरच्या, ग्रीस आत धरून ठेवणाऱ्या रबरी बूटांकडे. पुढच्या उजव्या बाजूचा आतला बूट एक्झॉस्टच्या जवळ असल्यामुळे उष्णतेने लवकर चिरतो. ग्रीस बाहेर उडून तापलेल्या नळीवर पडते आणि सिग्नलला उभे राहिल्यावर जळका, गोडसर वास येतो. हा वास ओळखता आला तर काम शेपाचशेत भागते, नाही तर अख्खा जॉइंट जातो. स्पार्क प्लग सिलिंडरबरोबरच आडवे असल्यामुळे ते बदलायला बॅटरी आणि एअर फिल्टरचा डबा बाजूला काढावा लागतो, आणि त्यामुळे अनेक गॅरेजवाले हे काम टाळतात किंवा न करताच बिल करतात. एकदा एका मोठ्या गॅरेजमध्ये माझ्या बाबतीत तसे झाले, जुने प्लग आतच होते. आता मी ते घरी स्वतः बदलतो. दरवाजांच्या काचांना चौकट नाही, काच थेट रबरावर येऊन टेकते, म्हणून वैशाखातल्या धुळीत ते रबर महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून त्याला सिलिकॉन लावावे लागते. सुटे भाग परदेशातून मागवावे लागतात, पण सुबारूचा भाग क्रमांक हाताशी असला की ते मिळतात. पेट्रोलमधले इथेनॉल वीस टक्क्यांवर गेल्यापासून मी इंधनाच्या सगळ्या जुन्या रबरी नळ्या बदलून घेतल्या आहेत, कारण २००४ सालची रबरे त्यासाठी बनलेली नव्हती. शहरात लिटरला आठ आणि हमरस्त्यावर अकरा किलोमीटर मिळतात. ज्याला हा आकडा बोचतो, त्याने ही गाडी घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो.

नोंदणीचे नूतनीकरण २०१९ला झाले, २०२४ला झाले, आणि निरीक्षकाने खालून पाहून विचारले, की हा शाफ्ट मागे कुठे जातो? मी त्याला पाच मिनिटे समजावले आणि त्याने मन लावून ऐकले.

आता टायमिंग बेल्टची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ राखणाऱ्या पट्ट्याची, वेळ आली आहे. या इंजिनात पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणून मी एक लाख किलोमीटरांची वाट न पाहता आधीच बदलतो. पट्टा, ताण देणारा टेन्शनर, तीन पुल्या आणि पाण्याचा पंप असा संच गेल्या आठवड्यात आला, तो देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवला आहे. मकरपुऱ्यातले आमचे कारीगर शनिवारी मोकळे आहेत. खुणा जुळवताना दोन माणसे लागतात, त्यामुळे मी सकाळी आठला तिथे जाणार आहे, आणि नातीला पुल्यांवरच्या रेषा दाखवायच्या असल्याने तिलाही बरोबर नेणार आहे.